एकवीस वळणं आणि एक एफडी

पत्र थोडक्यात असं. इंदूरच्या लोकमान्य नगरातले वाचक, वय ३७, पीथमपूरच्या कारखान्यात क्वालिटी विभागात. पगार हातात ६८,०००, पत्नीच्या शिकवण्यांचे १२,०००. मुलगी चौथीत. गृहकर्जाचा हप्ता १९,५००, घरखर्च ४२,०००, एसआयपी ६,०००. बँकेत ३,४०,००० ची एफडी, कंपनीचा ५ लाखांचा मेडिक्लेम, टर्म इन्शुरन्स नाही. ते धरून शाळेपासूनचे चार मित्र जूनअखेर मनालीहून लेह, पुढे खारदुंग ला खिंड आणि पँगाँग तलाव असं मोटरसायकलवर जायचं म्हणतायत. बाकी तिघांनी ४५० सीसीच्या गाड्या बुक केल्या आहेत. ते विचारतात: "गाडी ऑन रोड ३,६०,००० ला पडते. ६०,००० एफडीतून भरून ३ लाखांचं लोन ११ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेऊ, की एफडी जास्त मोडून लोन कमी करू? प्रवासाचे ७५,००० एफडीतूनच काढीन. सौ. म्हणते एवढ्यात स्वयंपाकघराचा ओटा, ट्रॉल्या सगळं होईल. पण गाटा लूप्सची एकवीस वळणं आयुष्यात एकदा घ्यायचीच आहेत."

नमस्कार. तुम्ही दोन पर्याय दिलेत आणि दोन्हींत गाडी आधीच दारात येऊन उभी आहे. मला विचाराल तर प्रवासाला जा. गाडी घेऊ नका. एफडीला हात लावू नका.

एफडीपासून सुरू करतो, कारण पत्रात तुम्ही तिला "पडून असलेली" म्हटलंय. घरखर्च आणि गृहकर्जाचा हप्ता मिळून तुमचे महिन्याला ६१,५०० जातात. पगार थांबला तर या एफडीवर घर साडेपाच महिने चालेल. तुमच्या बेतानुसार तिच्यातून १,३५,००० काढले की उरतात २,०५,०००, आणि महिन्याच्या खर्चात गाडीचा ९,८२२ चा हप्ता वाढतो. मग तेच घर तीन महिनेही धड चालत नाही. महिन्याला आज १२,५०० शिल्लक राहतात, ते २,७०० वर येतील. मुलीच्या शाळेची फी, बस आणि पुस्तकं एकाच महिन्यात आली की संपले.

आता गाडी. तीन लाखांवर तीन वर्षांत सुमारे ५३,६०० व्याज जातं, म्हणजे गाडी ४,१३,००० च्या घरात पडली. तीन वर्षांनी विकली आणि अगदी दोन लाख आले असं धरलं, तरी २,१३,००० गेले. विमा आणि सर्व्हिसिंग वेगळं. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्याहून मोठ्या गाड्यांवर थेट ४० टक्के झाला. म्हणजे ४५० च्या एक्स-शोरूम किमतीतल्या दर १४० रुपयांमागे ४० रुपये कराचे.

तरीही मी कदाचित गप्प बसलो असतो, गाडी रोज वापरात असती तर. पण पत्राच्या शेवटी तुम्हीच सहज लिहून गेलात की कंपनीची बस कोपऱ्यावरच येते. मग ही गाडी रविवारी छप्पन दुकानला पोहे खायला जाणार आणि बाकी सहा दिवस पार्किंगमध्ये कव्हरखाली. इंदूरच्या उन्हात कव्हरच आधी फाटतं.

घरातली दहा वर्षांची १५० सीसी न्यायची का, हाही प्रश्न तुम्ही घाबरत घाबरत विचारलाय. घाबरायचं कारण नाही, दीडशेवर लेहला जाणारे पुष्कळ आहेत. माळवा एक्सप्रेसला पार्सलने टाकून अंबाल्याला उतरवता येते; टाकी मात्र रिकामी करून द्यावी लागते. स्वतःच्या गाडीचा आणखी एक फायदा म्हणजे लडाखमध्ये ती कुठेही नेता येते. माझी शंका वेगळी आहे. वाटेतली तांगलांग ला ही खिंड ५,३२८ मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा. कार्ब्युरेटरची जुनी गाडी चढावर दुसऱ्या गिअरमध्ये रडते. एकटे असता तर रडत-रखडत पोहोचला असता. पण पुढे तीन नव्या ४५० असतील, आणि त्यांना गाठायच्या नादात माणूस वळणावर आत कापतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. २०१७ च्या पावसाळ्यानंतर महूहून मंडलेश्वरच्या बाजूला जामगेटचा घाट उतरत होतो, पुढच्या दोघांना गाठायचं म्हणून. डाव्या वळणावर पावसाने वाहून आलेली बारीक खडी पसरली होती. ब्रेक दाबला तेव्हा चाक फिरायचं थांबलं आणि गाडी सरकत राहिली. वेग तीसच्या आसपास असेल. कॉलरबोन मोडलं. दवाखान्याचं बिल मेडिक्लेमने दिलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण पुढचे पाच आठवडे डावा हात झोळीत, एका बोटाने टाइप करत होतो. आमच्या धंद्यात माणूस फिरला नाही तर पैसा येत नाही, आणि त्या पाच आठवड्यांचं घर कुठून चाललं हे कोणत्याच पॉलिसीने विचारलं नाही. ते चाललं अशाच एका "पडून असलेल्या" एफडीतून.

म्हणून तुमच्या या प्रवासातला मोठा खर्च पेट्रोल किंवा हॉटेल नाही. पाय मोडून तुम्ही दोन महिने घरी बसलात तर काय, हा आहे. कारखान्यात किती रजा पगारी आणि किती बिनपगारी, हे एचआरला आधी विचारून ठेवा.

तर मग मार्ग काय? गाडी भाड्याने. थेट विमानाने लेह गाठून तिथे गाडी घेणं सगळ्यांत स्वस्त, पण गाटा लूप्स मनाली–लेह रस्त्यावर आहेत, सरचूच्या पुढे. ती वळणं नसतील तर तुमचं जाणंच फुकट, एवढं मला पत्रावरून कळलंय. तेव्हा मनालीहून भाड्याने घ्या. इथे एक मेख आहे. मनालीची भाड्याची गाडी लेहपर्यंत चालते, पण तिथून नुब्रा, पँगाँगला न्यायला लेहच्या भाडेवाल्यांचा सक्त विरोध असतो. रस्त्यात अडवतात, वाद होतो. त्यामुळे मनालीची गाडी लेहला हॉटेलच्या आवारात उभी ठेवायची आणि तीन दिवसांसाठी लेहची घ्यायची. त्या तीन दिवसांचं दुहेरी भाडं पडतं. मनालीची १२ दिवस १,८०० नी धरली तर २१,६००, लेहची ३ दिवस २,००० नी ६,०००. मिळून २८,००० च्या आत. दरवर्षी गेलात तरी तीन वर्षांचे ८४,००० होत नाहीत, आणि नव्या गाडीत तेवढ्या काळात दोन लाखांवर जात होते.

बाकी हिशोब मी असा मांडतो: पेट्रोल ५,०००, राहणं दोघांत खोली घेऊन १४,०००, जेवण ९,०००, रेल्वे आणि बस ४,०००, चांगलं हेल्मेट, हातमोजे आणि जॅकेट मिळून १२,०००, आणि हाताशी १०,०००. भाड्यासकट ८२,०००. हाताशी ठेवलेले दहा हजार खर्च करायचे नाहीत. दरड कोसळली की वाटेतल्या तंबूत दोन दिवस जास्त काढावे लागतात.

त्याआधी विमा, कारण यात बहुतेकांचा गैरसमज असतो. स्वतःच्या गाडीच्या पॉलिसीबरोबर १५ लाखांचं अपघाती संरक्षण येतं, ते आरसीवर ज्याचं नाव आहे त्या चालकासाठी. भाड्याच्या गाडीवर बसलात की ते तुम्हाला लागू नाही. तेव्हा स्वतंत्र अपघात पॉलिसी घ्या, आणि घेताना मृत्यूची रक्कम बघून थांबू नका. तात्पुरत्या अपंगत्वात दर आठवड्याला ठरावीक रक्कम मिळण्याची सोय आहे का ते बघा. माझ्या पाच आठवड्यांत नेमकी तीच नव्हती. मेडिक्लेममध्ये साहसी खेळांचा अपवाद असतो, पण तो व्यावसायिक स्पर्धकांसाठी. सुट्टीत गाडी चालवणारा त्यात येत नाही. तुमच्या ग्रुप पॉलिसीची प्रत मागवून ते कलम मात्र डोळ्यांनी वाचा, आणि लेहहून विमानाने रुग्णाला हलवायचा खर्च त्यात आहे का तेही.

आणि टर्म इन्शुरन्स. हा खरं म्हणजे लडाखशी संबंधित नाही. पीथमपूरच्या बसमध्ये बसण्याआधीही तो हवा होता. गृहकर्जाची अकरा वर्षं बाकी, मुलगी चौथीत. एक कोटीचा घ्या. तंबाखू नसेल तर तुमच्या वयाला वर्षाचे साधारण पंधरा ते वीस हजार पडतील. वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी त्याच २२ सप्टेंबरपासून शून्य झालाय. जीएसटीने तुमच्या बाजूने केलेली ही एक गोष्ट.

आता नोव्हेंबर आहे. जूनपर्यंत सात पगार, १२,५०० नी ८७,५००. दोन्ही विम्यांचे २०,००० धरून वजा केले की ६७,५०० राहतात, म्हणजे साडेचौदा हजार कमी. दोन महिने एसआयपी थांबवा, १२,००० तिथे निघाले. सल्लागाराने असं लिहू नये म्हणतात, पण अकरा वर्षांच्या गुंतवणुकीत दोन हप्ते हुकल्याने काही कोसळत नाही. जुलैपासून न विसरता सुरू करा म्हणजे झालं. उरलेल्या अडीच हजारांसाठी जॅकेट कोणाचं तरी मागून आणा. "भिया, गाडी तर घे" म्हणणाऱ्या मित्रांकडे एखादं नक्की असेल.

ओट्याबद्दल मी निवाडा देणार नाही. पण या हिशोबात एफडी शाबूत राहते आणि जुलैपासून विम्याचे वजा जाता महिन्याचे जवळपास अकरा हजार पुन्हा शिल्लक पडू लागतात, हे घरी कागदावर मांडून दाखवा. "लोन काढतोय" ऐकून ज्या नाही म्हणाल्या, त्या कदाचित याला नाही म्हणणार नाहीत. ट्रॉल्यांचं कोटेशनही त्याच कागदाला टाचा.

भाड्याची गाडी घेताना नंबरप्लेट बघा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील तरच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी दोनशे रुपये स्वस्तात देणारे भेटतील. अपघात झाला तर विमा कंपनी तिथेच हात वर करू शकते. पैसे देण्याआधी टाकी, आरसे, सायलेन्सर आणि दोन्ही रिम्सचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, दुकानदाराचा आवाज त्यात येऊ द्या. आणि निघण्याआधी एका रविवारी जामगेटचा घाट भाड्याच्या साडेतीनशेवर उतरून बघा. डाव्या वळणांवर जरा हळू.