चोर्ला उतरण्याआधी

पहिल्यांदाच गोव्याला कंट्री, म्हणजे ते अमेरिकन गावाकडचं संगीत, वाजवायला निघालाय म्हणे तुम्ही पोरं. बरं केलंत की रे! टोप्या कुठल्या घालायच्या ते नंतर ठरवा, आधी बॅन्जोचं ऐक.

आपलं बेळगाव अडीच हजार फुटांवर. जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरलास की हवा दमट, आणि वाद्यं सुरातनं हलतात. पोचल्या पोचल्या सूर लावत बसू नको. वाद्य तासभर सावलीत ठेव, मग लाव.

प्रवासात सगळ्या तारा एकदम सैल करायच्या नाहीत. बॅन्जोची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी, चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावरच उभी असते. पहिल्या खेपेला मी शहाणपणा करून सगळ्या सैल केल्या, आणि घोडी सरकली. स्टेजवर न दाबता छेडलेल्या तारा सुरात, पण वरच्या पडद्यांवर गेलो की बेसूर! आमचा गायक असा बघत होता, जसा काय मी त्याच्या वाटणीचा कुंदा खाल्लाय. म्हणून घोडीच्या पायांशी पेन्सिलीनं खूण करून ठेव. तरी सरकलीच, तर बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक (तार न दाबता, नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथंच दाबलेला सूर जुळेपर्यंत हळूहळू हलव. फिडलवाल्यालाही, म्हणजे व्हायोलिनवाल्याला, सांग, त्याच्या सगळ्या तारा सुटल्या तर आतला आधाराचा दांडा पडू शकतो.

साउंड चेकला, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज तपासताना, अख्खं गाणं नको, सगळ्यात जोरात वाजणारा तुकडा वाजवा. जादा तारा, सेल, केबल घरनंच न्या.

आणि ड्रायव्हरला दुपारीच झोपवून ठेव. परतताना रात्री घाटात धुकं असलं तर तुमचं गाणंबिणं काही कामाला येत नाही.