गुरगुर कुठून येते?

प्रश्न : सर, सप्रेम नमस्कार. आमचं गाव वसमत तालुक्यात (जि. हिंगोली). जमिनीतून अधूनमधून गुरगुर ऐकू येते, भांडी वाजतात. 21 मार्च 2024 ला सकाळी तर चांगलाच हादरा बसला. पुस्तकात लिहिलंय की भूकंप प्लेटांच्या, म्हणजे पृथ्वीच्या वरच्या खडकाच्या प्रचंड तुकड्यांच्या, सीमेवर होतात. मराठवाडा तर सीमेपासून कितीतरी लांब. मग आमच्याखाली लाव्हा आहे का? जुनी माणसं उनकेश्वरच्या गरम पाण्याचा दाखला देतात.
— एक शेतकरी

उत्तर : लाव्हा नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण या एका भीतीपायी लोक झोप उडवून घेतात. लाव्हा होता तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. थरावर थर पसरला, थिजला आणि आज तुमच्या विहिरीत मुरमाखाली लागतो तो काळा पाषाण झाला. किल्लारीला 1993 च्या भूकंपानंतर खोल बोअर घेतलं, तेव्हा सुमारे 338 मीटरवर हा पाषाण संपला, मध्ये गाळाचा पातळ थर लागला आणि त्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा, त्याहून कितीतरी जुना खडक. असं घट्ट कवच आपल्याखाली पस्तीस-चाळीस किलोमीटर जाडीचं आहे. उनकेश्वरचं पाणी तापतं ते भेगांतून खोल उतरून वर येतं म्हणून. किलोमीटरमागे वीस-पंचवीस अंश उष्णता वाढतेच.

पुस्तकातलं वाक्य बरोबर आहे, पण अर्धं. बहुतेक भूकंप सीमेवर होतात, सगळे नाही. भारताची प्लेट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकते. किल्लारीनंतरच्या तीस वर्षांत तुमचं शेत, तुमची विहीर, अख्खा मराठवाडा दीडेक मीटर पुढं गेलाय. पुढं आशियाची प्लेट आडवी. त्या रेट्यातून हिमालय उभा राहिला, आणि तोच रेटा मागं आपल्यापर्यंत पोचतो. जुन्या तुळईला टोकाकडून दाबत गेलं, तर ती आधीच चीर पडलेल्या जागी कडाडते. आपल्याखालच्या जुन्या खडकाचंही तसंच आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपले असताना, किल्लारीला 6.2 तीव्रतेचा भूकंप झाला. त्यात भेगेच्या एका बाजूचा खडक दुसऱ्या बाजूवर चढला होता. खडक दोन्हीकडून आवळला गेला की असंच होतं.

गुरगुर म्हणजे उथळ, बारीक भूकंप. कंपनं जमिनीतून हवेत आली की कानाला आवाज येतो. पुष्कळदा हादरा जाणवतही नाही. तारीख, वेळ आणि आवाज किती वेळ टिकला हे वहीत टिपून तहसीलला कळवत जा. अशा नोंदींचा खरोखर उपयोग होतो.

प्रश्न : सर, पृथ्वीची त्रिज्या 6371 किलोमीटर. आत कुणीच गेलं नाही, मग थर कसे कळले?
— इयत्ता नववीची विद्यार्थिनी, अंबाजोगाई

उत्तर : बाळा, छान विचारलंस. माणसानं खोदलेलं सर्वांत खोल भोक रशियात कोला इथं आहे, 12,262 मीटर; म्हणजे कवचसुद्धा पार झालेलं नाही. आतलं सांगितलं ते भूकंपांनीच. त्यांच्या लहरी दोन मुख्य प्रकारच्या. प्राथमिक लहरी घन आणि द्रव दोन्हींतून जातात, दुय्यम लहरी फक्त घनातून. कुठली लहर जगाच्या दुसऱ्या टोकाला किती वेळानं पोचली, कुठली पोचलीच नाही, यावरून आतलं चित्र तयार झालं. यात आपल्या देशाचाही वाटा आहे, हे मला वर्गात सांगायला फार आवडायचं. रिचर्ड ओल्डहॅम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात होते. 1897 च्या आसामच्या मोठ्या भूकंपाचा त्यांनी अभ्यास केला, लहरींचे प्रकार नोंदींत वेगळे ओळखले आणि 1906 मध्ये पृथ्वीला गाभा असल्याचं दाखवलं. त्या गाभ्याच्या आत आणखी एक गाभा आहे, हे डेन्मार्कच्या इंगे लेहमान यांनी 1936 मध्ये मांडलं.

एक मात्र पक्कं लक्षात ठेव. चित्रात प्रावरण, म्हणजे कवच आणि गाभा यांच्यामधला जाड थर, लालभडक दाखवतात म्हणून ते पातळ नव्हे. सुमारे 2900 किलोमीटर खोलीपर्यंत तो घन खडकच आहे, फक्त लाखो वर्षांच्या हिशेबात तो संथ वाहतो. द्रव आहे तो बाह्य गाभा, साधारण 5150 किलोमीटरपर्यंत. त्याच्या आतलं पुन्हा घन.

प्रश्न : आमचं माळवदाचं जुनं घर आहे. पुढचा भूकंप कधी, हे कळतं का? घर पाडावं का?
— एक गृहिणी, लोहारा

उत्तर : ताई, दिवस-वेळ कुणालाच सांगता येत नाही. मोबाईलवर तसा मेसेज आला तर पुढं पाठवू नका.

पाडायची घाई नको, आधी भिंत बघा. किल्लारी-सास्तूरकडं पडलेल्या भिंती मी जवळून पाहिल्या आहेत. आतून एक दगडी पदर, बाहेरून एक, मध्ये नुसता चिखल आणि बारीक दगड. दोन्ही पदरांना बांधणारा आरपार दगड क्वचितच. हादऱ्यानं पदर सुटले आणि वरचं टनावारी मातीचं माळवद झोपलेल्यांवर आलं. म्हणून दरवर्षी गळती थांबवायला माळवदावर जी नवी माती चढवता, ती बंद करा. जुनी उतरवून जाडी कमी करा. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली भिंतीत ठिकठिकाणी काँक्रीटचे आरपार सांधे बसवून घ्या आणि दारा-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना सलग पट्टा बांधून घ्या. भिंतीला पोट आलं असेल, तर ते काम होईपर्यंत त्या खोलीत कुणालाही झोपू देऊ नका.