खेळणाऱ्याच्या शेजारी गप्प बसता येईल का?

तू नाशिकहून लिहिलं आहेस: मानसशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहेस. धाकट्या भावाला लाल आणि हिरवा वेगळा ओळखू येत नाही, म्हणून मोबाइलवरच्या गेममध्ये तो आपल्याच टीमवर गोळ्या झाडतो आणि मुलं त्याला खेळायला घेत नाहीत. कोडिंग येत नाही, तरी गेम सुधारण्याचं काम मिळेल का, की बाबा म्हणतात तसं बी.एड. करू?

मिळू शकतं. या कामाला गेम्स यूजर रिसर्च म्हणतात आणि त्यात मानसशास्त्र शिकलेली माणसं पहिल्यापासून आहेत. टेस्टिंगशी गल्लत करू नकोस. टेस्टर बग, म्हणजे गेममधल्या तांत्रिक चुका, शोधतो. रिसर्चर पाहतो की एकही बग नसताना माणूस कुठे अडला आणि का. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 'एज ऑफ एम्पायर्स 2' या गेमचं ट्युटोरियल, म्हणजे खेळ शिकवणारा सुरुवातीचा भाग, असंच तपासलं. नवखा खेळाडू अडखळला आणि कारण उमगलं, की लगेच दुरुस्ती. पुढचा खेळाडू बसायचा तो दुरुस्त आवृत्तीवर. 2002 मध्ये त्यांनी ही पद्धत 'राइट' या नावाने मांडली.

भावाच्या गेममध्ये शत्रूच्या डोक्यावर लाल रंगासोबत एखादा त्रिकोण असता, तर त्याचं काम भागलं असतं. महत्त्वाची माहिती नुसत्या रंगावर सोपवायची नाही, हा ॲक्सेसिबिलिटीचा, म्हणजे गेम प्रत्येकाला खेळता यावा यासाठीच्या सोयींचा, अगदी पायाचा नियम. 2020 च्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट 2' या गेममध्ये अशा साठाहून जास्त सोयी होत्या. 2023 च्या 'फोर्झा मोटरस्पोर्ट' या कार रेसिंगच्या गेममध्ये तर अंध खेळाडूला वळण आवाजावरून कळतं.

आता तुझी परीक्षा. भावाला आणि आणखी चार जणांना, त्यात गेमची सवय नसलेली तुझी आईही असू दे, एकच नवा गेम एकेकट्याने खेळायला दे. मनात येईल ते बोलत राहा, एवढंच सांग. "ताई, आता काय दाबू?" असं भाऊ विचारेल. उत्तर द्यायचं नाही. "तुला काय वाटतं?" एवढंच विचारायचं. हे फार जड जातं, विशेषतः आपल्या माणसाच्या बाबतीत. पण या पेशाचं निम्मं कौशल्य तिथेच आहे. चूक खेळणाऱ्याची नसते, हे त्यांना आधीच सांगून ठेव.

नोकऱ्यांचं स्पष्ट सांगते. पुण्यात युबिसॉफ्ट या गेम कंपनीचा स्टुडिओ आहे, पण नेमक्या या पदाच्या जागा आपल्याकडे थोड्या. म्हणून आधी ॲप बनवणाऱ्या कंपनीत यूएक्स रिसर्च, म्हणजे ॲप वापरणाऱ्यांचा असाच अभ्यास, करावं, हा मला शहाणा मार्ग वाटतो. शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात इंटरॅक्शन डिझाइनचं एम.डेस., म्हणजे डिझाइनची पदव्युत्तर पदवी, आहे. त्याची सीड ही प्रवेश परीक्षा जानेवारीत असते आणि तीन वर्षांच्या कोणत्याही पदवीवर, अगदी शेवटच्या वर्षालाही देता येते; प्रवेशासाठी कोणती पदवी चालते याच्या आयडीसीच्या अटी मात्र वेगळ्या असतात, त्या आधी तपासून घे. बाबांशी वाद घालू नकोस, एक वर्ष मागून घे.

पाच जणांचं निरीक्षण दोन पानांत लिहून मला पाठव. भाऊ जिथे अडला, तिथे तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिही.