मॅलेट फिंगर : स्प्लिंट काढताना सांभाळा

बोटाचं टोक खाली लोंबतंय, स्वतःहून सरळ होत नाही, म्हणजे ते उचलणारी कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) तुटलीय किंवा हाडाचा कपचा घेऊन निघालीय; यालाच मॅलेट फिंगर म्हणतात. एक्स-रे काढाच. सूज चढण्याआधी अंगठी उतरवा. बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही, स्प्लिंट (बोटाचं टोक सरळ धरून ठेवणारा कडक आधार) पुरतो. पण तो ६ ते ८ आठवडे दिवसरात्र हवा. त्वचा पुसायला काढाल तेव्हा बोट टेबलावर सपाट टेकलेलंच राहू द्या. टोक एकदा जरी वाकलं तरी जुळत आलेली कंडरा ताणली जाते आणि आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात. कंटाळा येतो, ठाऊक आहे. तरी इथे सूट घेऊ नका. मधला सांधा मात्र वाकवत राहा, नाहीतर तो आखडतो. बोट निळं-पांढरं पडलं, बधिर झालं किंवा जखम उघडी असली, तर लगेच रुग्णालय गाठा.