आधी ताप, मग भाऊ

पत्र, थोडक्यात: "मावशी, बाबांना (वय ७१) फुप्फुसाचा कॅन्सर आहे. केमोच्या दोन सायकल झाल्या. घर सिंहगड रोडला, माझं ऑफिस बाणेरला, आई पार खचलेली. भाऊ बंगळूरुला. पैसे पाठवतो, पण येत नाही, आणि रोज रात्री व्हिडिओ कॉलवर सूचना देतो. गव्हांकुराचा रस द्या, अमक्या वैद्याला दाखवा. मी काही बोलले की भांडण. मागच्या आठवड्यात बाबांना दोन रात्री थोडा ताप होता, क्रोसिनने उतरला. केमो देतात त्या डे-केअरच्या सिस्टरनी नंबर दिलाय, पण त्या बिझी असतात, बारीकसारीक गोष्टींसाठी कशाला त्रास, म्हणून केला नाही. भावाला कसं समजावू? – स."

स.,

तुझं मूळ पत्र चांगलं लांबलचक आहे आणि जवळजवळ सगळं भावाबद्दल आहे. तापाला तू एक वाक्य दिलंस. तेवढं वाचून मी भाऊ बाजूला ठेवला आणि तुला लगेच मेल केला. इथे पुन्हा लिहिते, कारण तुझ्यासारख्या भिडस्त लेकी या शहरात घरटी एक आहेत.

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान रक्तातल्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली गेलेल्या असतात. त्या दिवसांत १००.४ फॅरनहाइट म्हणजे 'थोडा ताप' नव्हे. संसर्गाशी लढायला अंगात फौजच नसते, आणि तो काही तासांत जिवावर बेतू शकतो. क्रोसिनने ताप उतरला म्हणजे संसर्ग गेला असं होत नाही, फक्त थर्मामीटर गप्प बसतं. बाबा त्या दोन रात्रींतून निभावले. हे नशीब, तुझी शुश्रूषा नव्हे. लागलं असेल, लागू दे.

आणि 'कशाला त्रास' म्हणजे काय गं? भीड भिकेची बहीण. ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही त्याच्याशी तू रोज रात्री वाद घालतेस, आणि जिला कळतं तिला दोन मिनिटांचा फोन करत नाहीस! तो नंबर तिने सौजन्य म्हणून दिलेला नाही. तिच्या कामाचाच तो भाग आहे. ओपीडीत डॉक्टर स्कॅन बघतात, डोस ठरवतात, बाहेर रांग लागलेली असते. तोंड आलंय, उलटीच्या गोळीने चार दिवस पोट साफ नाही, संडासपर्यंत जाताना धाप लागते, यातलं घरी काय निभेल आणि कशासाठी गाडी काढायची, हे सिस्टर सांगते. धाप लागली की पुढे झुकवून बसवायचं आणि चेहऱ्यावर छोटा पंखा धरायचा, हे मला एका सिस्टरनेच शिकवलं. औषधाच्या दुकानात ते मिळत नाही.

२०१० साली बोस्टनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेले १५१ रुग्ण. त्यांतल्या निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत अगदी सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे दुखणं, धाप असा त्रास कमी करण्याच्या उपचारांचे, डॉक्टर आणि खास शिकलेल्या नर्स भेटत राहिल्या. ते रुग्ण कमी उदास राहिले आणि साधारण पावणेतीन महिने जास्त जगले. आपल्याकडे पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून आहे, तिथे पैसे पडत नाहीत. नाव काढलंस की आई म्हणेल, 'इतक्यात कशाला तिथे?' म्हणू दे. तिथे फक्त शेवटच्या दिवसांत जायचं असतं, हा गैरसमज आहे.

तर फोन. 'सॉरी हं, डिस्टर्ब करतेय' ही प्रस्तावना नको. बाबांचं नाव, कोणती केमो, कोणत्या तारखेला, ताप किती आणि किती वाजता मोजला, थंडी वाजून आला का, बोलताना दम लागतो का, एवढं सांगायचं. ताप आधी मोजायचा, गोळी नंतर, आणि तीही विचारून. रात्री फोन उचलला गेला नाही तर उजाडायची वाट बघायची नाही. थेट हॉस्पिटलची कॅज्युअल्टी गाठायची आणि दारातच सांगायचं, "केमो चालू आहे, ताप आहे." थंडी वाजून अंग थरथरतंय पण ताप दिसत नाही, किंवा खोकल्यातून रक्त आलं, तरी हेच.

राहिला भाऊ. त्याला समजावत बसू नकोस. सिस्टरला विचारून तिचा नंबर त्यालाही दे, आणि गव्हांकुराचं काय ते तिलाच विचार म्हणावं. तुझं ऐकत नाही, तिचं ऐकेल. नाही ऐकलं तर त्याची रोजची अर्धा तास बडबड ऐकण्याचं काम तरी वाटून घेतलं जाईल.

तू मात्र आज फोन कर. आज ताप नसला तरी. त्या दोन रात्रींचं अजून कुणालाच सांगितलेलं नाही, आणि तिसरी सायकल सुरू करण्याआधी डॉक्टरांना ते कळायला हवं.