घड्याळातली साखर

प्रश्न : माझी माय ६२ वर्षांची, इन्सुलिनवर आहे. मोर्शी तालुक्यात आमची संत्र्याची बाग. बोटं टोचून ती कंटाळली म्हणून मी अठराशे रुपयांचं साखर दाखवणारं घड्याळ मागवलं, मोबाइलला जोडलं. परवा बागेतच तिला दरदरून घाम सुटला, हात लटलटा कापू लागले. घड्याळात ११२. उपकेंद्रातल्या सिस्टरनं बोट टोचलं तर ५४! घड्याळ बिघडलं का?

उत्तर : बिघडलं नाही भाऊ, त्याला साखर मोजताच येत नाही. एका पेशंटचं असंच घड्याळ मी ओपीडीत टॉवेलच्या गुंडाळीला बांधून पाहिलं. टॉवेलची साखर १०९ निघाली!

नाडी आणि ऑक्सिजन कातडीवर उजेड पाडून कळतात, कारण ऑक्सिजन घेतलेलं आणि न घेतलेलं हिमोग्लोबिन लाल व इन्फ्रारेड उजेड वेगवेगळा शोषतं. साखरेची खूण फार पुसट. पाणी, चरबी, घाम यांत ती हाती लागत नाही. सुई न टोचता साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला वा अंगठीला मंजुरी दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासून मंजुरी देणारी तिथली सरकारी संस्था) फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. दंडावर चिकटवायचे सेन्सर वेगळे, पण त्यांचाही बारीक तंतू कातडीखाली असतोच.

त्या दिवशी मायला काय दिलंत ते लिहिलं नाही. ७० च्या खाली आली की तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजायची, १५ मिनिटांनी पुन्हा टोचून बघायचं, मग जेवण. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीच घालू नका, १०८ ला फोन करा. आणि ५४ का झाली, हे डॉक्टरांना दाखवून इन्सुलिनचा डोस तपासून घ्या. घड्याळाच्या आकड्यावर तो एक युनिटही हलवू नका.

टोचायचं दुखणं थोडं कमी होतं : बोटाच्या मधोमध नको, कडेला टोचा, रोज बोट बदला. बागेतून आल्यावर आधी हात साबणानं धुऊन कोरडे करा. आमच्याकडे एका बाबांची साखर ३१० आली, हात धुतल्यावर १३८. बाहेर बाकावर बसून संत्रं सोलत होते! साखर तपासायच्या पट्ट्यांची डबी मात्र मे महिन्यात टिनाखाली ठेवू नका, उन्हानं पट्ट्या खराब होतात.