वाक्यातला कर्ता आणि रस्त्यावरचा माणूस

शहरातला प्रवास आणि आपली भाषा व कथा यांच्या नात्याविषयी आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : स. न. वि. वि. माझ्या थोरल्या बहिणीचा दोन वर्षांपूर्वी मोटारीच्या धडकेने मृत्यू झाला. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ‘रस्ता ओलांडताना वृद्धेचा अपघाती मृत्यू’ असा मथळा होता. त्या मथळ्यात मोटार नव्हती आणि ती चालवणारा माणूसही नव्हता. रस्ता ओलांडला म्हणूनच ताई गेली, असा त्याचा अर्थ मला लागला. मी शब्दांवर अडून बसले आहे, असे घरचे म्हणतात. खरोखर हा केवळ शब्दांचा प्रश्न आहे का?

उत्तर : आपले पत्र वाचून मन जड झाले. आपल्याला जे खटकले ते खटकण्यासारखेच आहे आणि त्याचे मूळ व्याकरणात आहे. कर्तरी, कर्मणी आणि भावे हे प्रयोग आपण सर्वांनी शाळेत शिकलेले असतात. वाक्यातल्या क्रियेचा कर्ता कोण, हा पहिला प्रश्न तिथे विचारला जातो. चोरीच्या बातमीत चोर सापडलेला नसला तरी ‘अज्ञात चोरट्याने’ असा कर्ता बातमीदार आवर्जून लिहितो. रस्त्यावर मात्र माणसे ‘भरधाव मोटारीची धडक बसून’, ‘वाहनावरील नियंत्रण सुटल्याने’ किंवा ‘ट्रकखाली सापडून’ मरतात, आणि या प्रत्येक रचनेत घटना आपोआप घडते, ती कोणी घडवत नाही. ‘काळाने घाला घातला’ या नेहमीच्या वाक्यात कर्ता आहे, पण तो काळ आहे. त्यामुळे मोटारीचा वेग किती होता, रस्ता किती रुंद होता, ओलांडण्यासाठी सिग्नल किती सेकंदांचा होता, यांपैकी एकही प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहत नाही.

‘अपघात’ या शब्दाकडेही जरा थांबून पाहावे. त्यात ‘घात’ आहे. विश्वासघाताला करणारा असतो, आत्मघातालाही असतो. अपघात मात्र सहसा ‘होतो’. इंग्रजीतल्या ‘ॲक्सिडेंट’ या शब्दाची अडचण नेमकी हीच आहे. बहुतेक दुखापती आणि त्यांना कारण ठरणाऱ्या घटना आधी ओळखता येतात व टाळता येतात, म्हणून ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २००१ मध्ये हा शब्द आपल्या पानांवर न वापरण्याचे ठरवले. २०१६ मध्ये ‘असोसिएटेड प्रेस’ या वृत्तसंस्थेने आपल्या लेखनसंहितेत अशी सूचना केली की, निष्काळजीपणाचा आरोप झाला असेल किंवा तो सिद्ध झाला असेल तेव्हा ‘ॲक्सिडेंट’ लिहिणे टाळावे, कारण त्या शब्दाने जबाबदार व्यक्ती दोषमुक्त झाल्यासारखी वाटू शकते.

याचा वाचकावर खरोखर परिणाम होतो का, हे अमेरिकेतील संशोधकांनी तपासले आणि २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९९९ जणांना एकाच घटनेच्या बातमीची तीन रूपे वाचायला दिली होती. एकात सारा रोख पायी चालणाऱ्यावर होता, दुसऱ्यात तो वाहनचालकावर होता आणि तिसऱ्यात अशा इतर घटनांचा संदर्भही जोडलेला होता. घटना तीच असूनही, वाक्याचा रोख चालकाकडे वळताच मृताला दिला जाणारा दोष कमी झाला. आणि संदर्भ जोडताच पायी चालणाऱ्यांसाठी रस्त्यात बदल करावेत, या मताला अधिक पाठिंबा मिळाला. मला यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, कारण एकट्या चालकाला दोष देऊन बातमी संपली तर पुढचा माणूस त्याच चौकात, त्याच वेगाखाली सापडतो.

यावर बातमीदारांचा एक रास्त आक्षेप असतो : तपासाआधी दोष कोणाचा हे आम्ही कसे ठरवावे? ते त्यांनी ठरवूच नये. ‘मोटारचालकाने रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला धडक दिली’ हे वाक्य कोणालाही गुन्हेगार ठरवत नाही, ते फक्त काय घडले ते सांगते. चूक कोणाची, हे न्यायालय सांगेल. परंतु मोटार तिथे होती आणि ती कोणीतरी चालवत होते, हे सांगायला न्यायालयाची वाट पाहावी लागत नाही. आपल्या घरच्यांना हे पत्रोत्तर जरूर दाखवावे.

प्रश्न : मी वाहतूक अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. बातम्यांची भाषा भावनिक असते हे मान्य, पण आमच्या शाखेची भाषा आकड्यांची आहे. ‘सेवास्तर’, ‘क्षमता’, ‘विलंब’, ‘सुधारणा’ हे शब्द तटस्थ आहेत, असेच आम्हाला शिकवले जाते. त्यांत पक्षपात कुठे आहे?

उत्तर : आपण दिलेल्या यादीतला पहिलाच शब्द घेऊ. ‘हायवे कपॅसिटी मॅन्युअल’ या अमेरिकी ग्रंथाच्या १९६५ च्या आवृत्तीत रस्त्यांना ‘ए’ ते ‘एफ’ अशा श्रेणी देणारी सेवास्तराची कल्पना आली आणि जगभरच्या अभ्यासक्रमांत ती स्थिरावली. श्रेणीची अक्षरे शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखी असल्यामुळे ‘एफ’ म्हणजे नापास, हे कोणाला वेगळे सांगावे लागत नाही. पण ही सेवा कोणाची? त्या श्रेणी मुळात मोटारींच्या प्रवाहासाठी ठरवलेल्या होत्या. ज्या रुंद रस्त्यावरून मोटारी विनाअडथळा धावतात आणि जो एखाद्या वृद्धाला हिरव्या दिव्याच्या वेळेत ओलांडता येत नाही, तो रस्ता या मोजमापात उत्तम ठरतो. आकडा अचूक असतो. पक्षपात ‘सेवा’ या शब्दात, म्हणजे मोजायला सुरुवात होण्याच्या आधीच शिरलेला असतो. कॅलिफोर्निया राज्याने हे ओळखून २०१३ मध्ये कायदा केला आणि जुलै २०२० पासून तिथे प्रकल्पांच्या पर्यावरणीय तपासणीत मोटारींच्या विलंबाऐवजी, त्या प्रकल्पामुळे वाहने एकूण किती अंतर धावतील, याचा विचार होऊ लागला.

‘सुधारणा’ या शब्दाबाबत फ्लोरिडातील वेस्ट पाम बीच या शहराचे उदाहरण आपल्या वर्गात चर्चेला घ्यावे असे आहे. १९९६ मध्ये त्या शहराच्या प्रशासनाने वाहतुकीच्या कागदपत्रांतील भाषेविषयी लेखी धोरण जाहीर केले. रस्ता रुंद करण्याला ‘सुधारणा’ म्हणू नये, ‘बदल’ किंवा ‘रुंदीकरण’ म्हणावे, असा त्याचा आशय होता. कारण मोटारीने जाणाऱ्याला जी सुधारणा वाटते तीच त्या रस्त्यावर राहणाऱ्याला हानी वाटू शकते. मराठीतला ‘रुंदीकरण’ हा शब्द या कसोटीला उतरतो. त्यात काय केले तेवढेच सांगितले आहे, ते चांगले की वाईट हे वाचकावर सोडले आहे.

‘वाहतूक’ हा शब्द मात्र मला अपुरा वाटतो. त्यात वाहून नेणे आहे, म्हणून वाहन आणि ओझे डोळ्यांसमोर येते. ‘ये-जा’ म्हटले की चालणारा माणूसही दिसतो. मोटारी अडकल्या की आपण ‘वाहतूक कोंडी’ म्हणतो, परंतु अरुंद पदपथावर पन्नास माणसे एकमेकांना खेटून उभी असली तर त्या कोंडीला आपल्याकडे नावच नाही, आणि नाव नसल्यामुळे तिची नोंद करण्याचा रकानाही नाही.

रकान्यांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. प्रवासाच्या पाहण्यांत फेरीचे कारण विचारताना ‘नोकरी’, ‘शिक्षण’, ‘खरेदी’, ‘इतर’ असे पर्याय दिलेले असतात. मुलाला शाळेत सोडून, सासूबाईंची औषधे घेऊन, मग कामावर जाणाऱ्या स्त्रीची सकाळ या रकान्यांत तुकडे होऊन विखुरते. स्पेनमधील वास्तुविशारद व नगरनियोजक इनेस सांचेझ दे मादारियागा यांनी अशा सर्व फेऱ्यांना एक नाव दिले, ज्याला मराठीत आपण ‘सांभाळाचा प्रवास’ म्हणू शकू. एका नावाखाली मोजल्यावरच त्यांचा आकार दिसू लागतो आणि मग बसचे मार्ग केवळ कचेरीच्या वेळा धरून का आखले, हा प्रश्न विचारता येतो.

प्रश्न : मी निवृत्त स्थापत्य अभियंता आहे. रस्ते कायद्याने आणि पैशाने होतात, कथांनी होत नाहीत. कथा-कादंबऱ्यांचा विषय वाहतुकीत आणण्याचे प्रयोजन काय?

उत्तर : आपल्या अनुभवाचा आदर राखून एवढेच सुचवावेसे वाटते की कायदा आणि पैसा यांच्या आधी लोकांच्या मनात एक चित्र तयार व्हावे लागते. १९२३ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात ४२,००० हून अधिक नागरिकांनी एका अर्जावर सह्या केल्या. शहरातल्या प्रत्येक मोटारीला असे यंत्र बसवावे की ती ताशी २५ मैलांपेक्षा, म्हणजे सुमारे ४० किलोमीटरपेक्षा वेगाने धावूच शकणार नाही, अशी त्यांची मागणी होती. रस्ता सर्वांचा आहे आणि त्यावर आलेली धोकादायक वस्तू म्हणजे मोटार, ही तेव्हाची सर्वसाधारण समजूत होती. मोटारउद्योगाने विरोधात मोठी मोहीम उघडली आणि मतदानात प्रस्ताव पडला. त्याच दशकात त्या उद्योगाने ‘जेवॉकर’ हा शब्द हेतुपुरस्सर रूढ केला. ‘जे’ म्हणजे त्या काळच्या बोलीत गावंढळ माणूस. ज्याला शहरात कसे चालावे हे कळत नाही असा. शतकानुशतके रस्त्यावरून चालणारा माणूस एका शिवीमुळे रस्त्यावरचा घुसखोर झाला, आणि १९२५ मध्ये लॉस एंजेलिसने पायी चालणाऱ्यांना ठरावीक जागीच रस्ता ओलांडण्याचे बंधन घालणारा नियम केला. येथे शब्द आधी आला, नियम मागून आला.

चित्र किती शब्दशः रंगवले जाते, हे १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात दिसले. ‘जनरल मोटर्स’च्या ‘फ्यूचरामा’ या दालनात नॉर्मन बेल गेडीस यांनी १९६० सालच्या अमेरिकेची भव्य प्रतिकृती उभारली होती. प्रेक्षक सरकत्या खुर्च्यांत बसून वरून रुंद महामार्ग आणि त्यांवरून अखंड धावणाऱ्या मोटारी पाहत, आणि बाहेर पडताना त्यांना ‘मी भविष्य पाहिले आहे’ असे लिहिलेला बिल्ला मिळत असे. प्रतिकृतीतल्या गोष्टीला आधीच ‘भविष्य’ म्हटले की तिच्याविषयी मत विचारण्याची गरज उरत नाही.

आता उलट दिशेचे उदाहरण. नेदरलँड्समध्ये १९७१ या एका वर्षात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली. त्यांत ४०० हून अधिक मुले होती. ज्याची स्वतःची मुलगी अशीच गेली होती अशा एका पत्रकाराने जो लेख लिहिला, त्याच्या मथळ्यावरून पालकांच्या चळवळीने आपले नाव घेतले : ‘बालहत्या थांबवा’. ‘रस्ता सुरक्षा समिती’ असे नाव त्यांना घेता आले असते. त्यांनी ‘हत्या’ हा शब्द निवडला आणि त्यामुळे सरकारला मुलांना सावध राहायला शिकवण्याचा सोपा मार्ग सोडून, रस्त्याने मुलांसाठी बदलावे, या मागणीला उत्तर द्यावे लागले. तेलटंचाई, दाट वस्तीची शहरे, सायकलीची जुनी सवय ही कारणेही सोबत होती, हे मी नाकारत नाही. आज त्या देशात वर्षाला सुमारे सातशे माणसे रस्त्यावर दगावतात. रस्ते अभियंत्यांनीच बदलले. काय बदलायचे, हे मात्र त्या नावाने त्यांच्यापुढे ठेवले.

प्रश्न : मी आयुष्यभर पायी आणि बसने हिंडलो. ‘अजून गाडी घेतली नाही?’ हा प्रश्न नातेवाइकांकडून ऐकून माझी मुलेही आता ओशाळतात. त्यांना काय सांगावे?

उत्तर : हा प्रश्न विचारणारे मोटार असणे गृहीतच धरतात, आणि आपण असे काही गृहीत धरले आहे, याची त्यांना जाणीवही नसते. ब्रिटनमधील मानसशास्त्रज्ञ इयन वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन हजारांहून अधिक प्रौढांना विचारले की, दाट वस्तीत, जिथे इतरांना धूर श्वासात घ्यावा लागतो, तिथे धूम्रपान करू नये का? ७५ टक्के लोकांनी होकार दिला. वाक्य तेच ठेवून धूम्रपानाच्या जागी मोटार चालवणे घातल्यावर होकार १७ टक्क्यांवर आला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत बदलला होता तो एक-दोन शब्दांचाच भाग.

घरात बोलताना ‘आपल्याकडे गाडी नाही’ असे न म्हणता ‘आपण बसने जातो’ असे म्हणून पाहावे. पहिल्या वाक्यात उणीव सांगितली आहे, दुसऱ्यात आपण करतो ती कृती आहे. तरीही केवळ शब्द बदलून मुलांचे मन वळेल, असे मी आपल्याला खोटे आश्वासन देणार नाही. स्टॉकहोममध्ये शहराच्या गर्दीच्या भागात मोटार नेण्यासाठी आकारल्या जाणाऱ्या गर्दीशुल्काला आरंभी बहुसंख्य लोकांचा विरोध होता. जानेवारी ते जुलै २००६ या सात महिन्यांच्या प्रयोगात शुल्काच्या हद्दीवरची रहदारी सुमारे एक-पंचमांशाने घटली, लोकांनी मोकळे रस्ते प्रत्यक्ष पाहिले आणि सप्टेंबरमधल्या सार्वमतात शहराने शुल्काच्या बाजूने कौल दिला. बस वेळेवर आली, तिच्यात बसायला जागा मिळाली, तरच ‘आपण बसने जातो’ हे वाक्य मुलांना अभिमानाने म्हणता येईल.

मराठीत थांबण्याला आपण ‘वाट पाहणे’ म्हणतो, आणि थांब्यावरचा माणूस शब्दशः तेच करत असतो. प्रवासाच्या अभ्यासांत बसमधल्या एका मिनिटापेक्षा थांब्यावरचे एक मिनिट साधारण दुपटीने जड धरले जाते. म्हणून आपल्या भागातील बससेवेसाठी अर्ज लिहाल तेव्हा ‘सेवा सुधारावी’ एवढेच लिहू नका. परिवहन विभागाने सकाळी आणि संध्याकाळी दोन बसमध्ये जास्तीत जास्त किती मिनिटांचे अंतर ठेवावे, हा आकडा अर्जात घाला आणि पुढची बस किती वेळात येईल हे दाखवणारा फलक थांब्यावर मागा. अर्जावर मुलांचीही सही घ्या.